गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदी पथकास आभारपत्र

प्रति,
२६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीस तैनात असलेले सर्व पोलीस अधिकारी व कर्मचारी,
डी. बी. मार्ग पोलीस ठाणे, मुंबई

सन्माननीय महोदय,

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस चौपाटीवरील सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्याला हार घातले जातात, भाषणे होतात आणि वर्तमानपत्रांत त्यांचे छायाचित्र येते. ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री ते एकटे उभे नव्हते, आणि जे त्यांच्यासोबत उभे होते त्यांना एकत्रितपणे उद्देशून कोणी काही लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही. गिरगावचा एक रहिवासी म्हणून ते लिहावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आभार नेमके कशाचे, हे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘पोलिसांनी आपले कर्तव्य बजावले’ या एका वाक्यात आपण सगळेच फार लवकर मोकळे होतो. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालय येथे रक्तपात करून, रंगभवनच्या गल्लीत तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांसह पोलिसांच्या गाडीवर गोळ्या झाडून आणि तीच गाडी पळवून दोन अतिरेकी निघाले होते. पुढे त्यांनी एक स्कोडा मोटार बळकावली आणि ते मरीन ड्राइव्हने चौपाटीच्या दिशेने आले. नियंत्रण कक्षाकडून त्या मोटारीचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचला होता. म्हणजे येणारी माणसे काय करून आली आहेत याची कल्पना आपल्याला होती, आणि त्यांना अडविण्यासाठी आपल्याकडे बॅरिकेड, मोजक्या अधिकाऱ्यांच्या कमरेची पिस्तुले आणि बाकीच्यांच्या हाती लाठ्या होत्या. समोर एके-४७ होती.

साडेबाराच्या सुमारास ती मोटार नाकाबंदीपासून काही अंतरावर थांबली. आतील माणसे दिसू नयेत म्हणून हेडलाइट प्रखर केले गेले, काचेवर पाणी उडवून वायपर फिरवले गेले, आणि मग वळून निसटण्याच्या प्रयत्नात मोटार दुभाजकावर अडकली. चकमकीत त्या दोघांपैकी अबू इस्माईल मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, शरण येत असल्याचे भासवून खाली उतरला आणि त्याने बंदूक चालवली. ओंबळे यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या पोटात झेलूनही ती सोडली नाही. सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. त्या काही क्षणांत आपण सर्वजण लाठ्या घेऊन पुढे धावलात. या घटनेविषयी मी जितके वाचले आहे, त्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. ज्याच्या हातातील शस्त्र अजून सुटलेले नाही अशा माणसाच्या अंगावर लाठी घेऊन धावून जाणे, हे कोणत्याही सेवानियमात लिहिलेले नसते.

आणि त्याहून कठीण गोष्ट पुढे घडली. आपला सहकारी समोर कोसळलेला असताना, संतापाला सर्व कारणे असताना, आपण कसाबला जिवंत ठेवले आणि नायर रुग्णालयात पोहोचवले. याचे मोल पुढील काही आठवड्यांतच कळले. त्या टोळीतील दहाही जणांजवळ हैदराबादच्या महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती, त्यांवर हिंदू नावे होती, आणि हल्ल्याची जबाबदारी ‘डेक्कन मुजाहिदीन’ या तोपर्यंत कोणी न ऐकलेल्या नावाने घेतली गेली होती. दहाही जण मेले असते, तर हल्लेखोर भारतीयच होते ही बनावट कथा किती वर्षे चालली असती आणि तिच्यामुळे या शहरात शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते, याचा विचारही करवत नाही. कसाब जिवंत होता म्हणून त्याचा जबाब झाला, त्याचे गाव सापडले आणि जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानला मान्य करावे लागले. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. १६६ जणांच्या मृत्यूचा हा खटला साक्षी-पुराव्यांनिशी उभा राहिला. आपल्यापैकी काहीजणांना तर त्यासाठी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ती रात्र पुन्हा सांगावी लागली. उपनिरीक्षक भास्कर कदम हे त्या खटल्यातील पहिले साक्षीदार होते.

आता पदकांविषयी. राष्ट्रपतींचे पोलीस शौर्यपदक आणि पोलीस शौर्यपदक ही दोन्ही १ मार्च १९५१ रोजी सुरू झाली. त्यांच्या मूळ नियमांत एक अट होती, जी मला कोणत्याही गौरवपर भाषणापेक्षा अधिक मोलाची वाटते. जीवित व मालमत्ता वाचवताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगाराला पकडताना दाखवलेल्या शौर्यासाठी हे पदक होते, मात्र पत्करलेला धोका मोजताना त्या अधिकाऱ्याची कर्तव्ये आणि जबाबदाऱ्या काय होत्या हे लक्षात घ्यावे, असे तो नियम सांगतो. दुसऱ्या शब्दांत, नोकरीचाच भाग असलेल्या धोक्याला पदक नाही. त्या रेषेच्या पलीकडे माणूस किती गेला, तेवढेच मोजायचे. पहिल्या वाचनात हा नियम कंजूष वाटतो. परंतु गिरगावच्या नाकाबंदीला तो लावून पाहिला, तर त्याचा अर्थ उलगडतो. मोटार अडवणे हे आपले कर्तव्य होते. चालू बंदुकीची नळी धरणे, तिच्यासमोर लाठी घेऊन धावणे आणि मारेकऱ्याला न्यायालयासाठी जपणे, हे सारे त्या रेषेच्या पलीकडचे होते. म्हणूनच ‘कर्तव्य बजावले’ हे वाक्य आपल्याबाबतीत मला अपुरे वाटते. खुद्द सरकारी नियमानेही ते पुरेसे मानलेले नाही.

२६ जानेवारी २००९ रोजी राजपथावर राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्या वर्षीची अशोकचक्रे प्रदान झाली. ती अकरा होती, अकराही मरणोत्तर, आणि त्यांपैकी सात पोलीस दलांतील वीरांची होती. त्या सातांत मुंबईच्या हल्ल्यात वीरमरण आलेले चौघे होते. हेमंत करकरे हे सहआयुक्त दर्जाचे, अशोक कामटे अपर आयुक्त, विजय साळसकर वरिष्ठ निरीक्षक आणि तुकाराम ओंबळे सहायक फौजदार. पोलीस दलात या पदांमध्ये किती पायऱ्यांचे अंतर असते आणि ते रोजच्या व्यवहारात किती जाणवते, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. त्या दिवशी मात्र चौघांनाही तेच पदक, त्याच हिरव्या फितीवर केशरी रेघ असलेले, एकाच समारंभात अर्पण झाले. आपल्या व्यवस्थेत हुद्दा पूर्णपणे विसरला जाण्याचे प्रसंग विरळाच, त्यांतील हा एक.

तरीही पदकांची एक मर्यादा आहे, ती लिहिल्याखेरीज हे पत्र प्रामाणिक ठरणार नाही. पदक व्यक्तीला मिळते, आणि आपण केलेले काम पथकाचे होते. आपल्यातील काहींना शौर्यपदके मिळाली, हे खरे. पण त्या रात्री दुभाजकाजवळ धावलेल्या प्रत्येक लाठीचा स्वतंत्र हिशेब कोणत्या प्रस्तावात कसा बसवायचा? शिवाय हयात असलेल्यांचा गौरव करताना आपल्याकडे हात आखडतो. पथकातील पोलिसांना एक टप्पा पदोन्नती देण्याचा राज्य शासनाचा निर्णय २०२२ मध्ये झाला, तेव्हा घटनेला तेरा वर्षे उलटून गेली होती. ती पूर्वलक्षी प्रभावाने दिली गेली, याचे समाधान आहे. एवढा उशीर का व्हावा, हे मात्र मला अजूनही पटलेले नाही.

ओंबळे यांच्याविषयी थोडेसे, कारण ते आपले सहकारी होते. जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव. लष्करात नोकरी करून ते पोलीस दलात आले होते, म्हणजे निवृत्तीनंतर गावी शेती पाहत बसण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. प्राणिशास्त्राच्या नोंदींत एखाद्या फौजदाराचे नाव असे कायमचे लागावे, हा सन्मान कोणत्याही शासकीय यादीत नाही, पण मला तो फार आवडला.

त्या रात्री आपण ती मोटार अडवली नसती, तर ती पुढे कोठे गेली असती हे कोणालाच ठाऊक नाही. चौपाटीच्या पलीकडे दाट वस्तीचे गिरगाव आहे, ऑपेरा हाउस आहे, रुग्णालये आहेत. तेथे राहणाऱ्या आम्हा सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार मानतो. हे पत्र मी ठाण्यात समक्ष देत आहे. आपल्यापैकी अनेकांची बदली झाली असेल, काही निवृत्तही झाले असतील. विद्यमान वरिष्ठ निरीक्षकांनी त्याच्या प्रती शक्य त्या सर्वांपर्यंत, आणि एक प्रत ओंबळे कुटुंबीयांपर्यंत पोहोचवावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
गिरगावातील एक रहिवासी