मुखपृष्ठ नखाएवढे झाले, आता अक्षराकडे बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गोमंतकीय मराठी लेखकांच्या ई-पुस्तकांवर आलेला लेख वाचला. पुस्तके कोणती, ती कुठे वाचायला मिळतात, नवे लेखक काय लिहीत आहेत, हे सगळे त्यात आहे. मुखपृष्ठांबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी फोंड्यात राहते आणि स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणाऱ्या लेखकांसाठी मुखपृष्ठे करते. प्रतिलिपी या कथावाचनाच्या ॲपवरच्या मालिका, फेसबुकवर भागाभागाने येणाऱ्या कथा, किंडलवरच्या कादंबऱ्या, असे हे काम आहे. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

छापील पुस्तक आपण हातात घेतो, उलटसुलट करून बघतो. ई-पुस्तकाची पहिली भेट होते मोबाइलवर, आणि तिथे मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठे असते. शेजारी तशीच आणखी आठ-दहा. किंडलसाठी 2560 बाय 1600 पिक्सेलची प्रतिमा द्या, असे ॲमेझॉन सांगते, पण वाचक ती प्रतिमा एवढी मोठी क्वचितच पाहतो. त्या चिमुकल्या आकारात चित्रातले बारकावे विरघळून जातात आणि उरते ते शीर्षक. असे असताना आपल्याकडे आधी चित्र शोधतात, ते पसंत पडले की उरलेल्या जागेत नाव कोंबतात. हा क्रम बदलायला हवा. आधी अक्षर बसवावे, मग त्याला साजेसे चित्र बघावे.

देवनागरी बसवणे हे वेगळे कसब आहे आणि ते इंग्रजी नमुने बघून येत नाही. इंग्रजी मुखपृष्ठांवर अक्षरे लांब लांब पसरलेली असतात, ती डौलदारही दिसतात. तेच मराठीत केले की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे पडतात. शीर्षक दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो. म्हणून ओळींमधले अंतर नजरेने, शब्द बघून ठरवावे लागते. जुन्या फोटोशॉपमध्ये मजकुराची मांडणी भारतीय लिप्यांसाठी बदलून घेतली नाही तर आणखी वाईट होते. समजा शीर्षक ‘कुळागरातली विहीर’ असे आहे. ‘विहीर’मधली पहिली वेलांटी ‘व’ला सोडून ‘ह’ला चिकटते. जोडाक्षर असेल तर पाय मोडलेले अक्षर तसेच उघडे राहते. अशी मुखपृष्ठे घेऊन पुस्तके विक्रीला लागलेली मी पाहिली आहेत. लेखकाने वर्षभर खपून लिहिलेल्या कादंबरीचे नावच दारात चुकीचे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

फॉन्ट नाहीत ही सबब आता चालणार नाही. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्ता, बालू आणि मोडक, रेल्वे स्थानकांवरच्या हातच्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन, मराठी वळणाचे ल आणि श असलेला तिरो देवनागरी मराठी हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. विक्रीच्या पुस्तकावर ते वापरायला पैसे लागत नाहीत. मोडक जाडजूड आणि गोलमटोल आहे, तो बालकथेवर खुलतो. सूडकथेवर घातला तर कथाच विनोदी वाटू लागते. गोष्ट वाचल्याशिवाय ही निवड करता येत नाही. मी तर लेखकाला सांगते, निदान पहिली तीन प्रकरणे पाठवा, नुसता सारांश नको.

रंगांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. किंडलच्या साध्या वाचनयंत्रावर रंग दिसत नाहीत, फक्त करड्या छटा दिसतात. गर्द हिरव्या माडांवर लालभडक नाव मोबाइलवर उठून दिसते, त्या यंत्रावर मात्र दोन्ही सारखेच करडे होतात आणि नाव गायब होते. मुखपृष्ठ पाठवण्याआधी मोबाइलमध्येच ते कृष्णधवल करून, लहान करून, हात लांब धरून बघावे. नाव वाचता आले तर पुढे जावे.

हे सगळे गोव्यातून लिहिताना मला दोन चित्रकारांची फार आठवण येते. दीनानाथ दलाल 1916 साली मडगावात जन्मले, आणि रघुवीर मुळगावकर 1918 साली बार्देशातल्या अस्नोड्यात. मराठी पुस्तकांचे आणि दिवाळी अंकांचे रूप या दोघांनी एका पिढीच्या मनात कोरले. मुळगावकरांची चित्रे रहस्यकथांच्या स्वस्त पुस्तकांवरही होती. स्वस्त पुस्तक म्हणून हात आखडता घेतला, असे त्यांच्या कामात कुठे दिसत नाही. आज मोबाइलवर रोज एक भाग वाचणारा वाचक हा त्या रहस्यकथांच्या वाचकाचाच वारस आहे, आणि त्यालाही तितक्याच मनापासून केलेले मुखपृष्ठ मिळायला हवे.

पण झाले आहे ते उलटेच. दलाल-मुळगावकरांची जुनी चित्रे नेटवरून उचलायची, त्यांवर आपल्या कथेचे नाव टाकायचे, असा प्रकार सर्रास चालतो. चित्रे जुनी आहेत म्हणून ती कोणाचीही झाली, असा समज आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्व हक्क राहतो. दलाल 1971 साली गेले, मुळगावकर 1976 साली. म्हणजे 2031 आणि 2036 संपेपर्यंत परवानगीशिवाय ही चित्रे वापरता येणार नाहीत. ज्यांना आपण गुरुस्थानी मानतो त्यांच्या बाबतीत तरी एवढी चाड बाळगू या.

संगणकाला दोन ओळी लिहून चित्र काढून घेण्याची सोय आता सगळ्यांच्या हाती आली आहे. ज्याच्याकडे चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत अशा लेखकाला मी नावे ठेवणार नाही. पण ते चित्र नीट तपासा. सत्तरी तालुक्यातल्या एका लेखिकेने धालो या बायकांच्या लोकनृत्यावरच्या कथेसाठी असे चित्र करून घेतले होते. धालोत बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, समोरासमोर दोन रांगांत, एकमेकींच्या कमरेला हात घालून नाचतात. चित्रात त्या घागरे घालून गोल फेर धरून नाचत होत्या, मागे देऊळही भलत्याच प्रांताचे. तिने ते चित्र बाजूला ठेवले आणि आपल्या आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा जवळून घेतलेला फोटो मला पाठवला. आम्ही तेवढाच काठ खाली ठेवला आणि वर मोठ्या अक्षरांत नाव. गावातल्या बायकांनी ते मुखपृष्ठ स्टेटसला लावले. आणखी एक, किंडलवर पुस्तक चढवताना मजकूर किंवा चित्र यंत्राकडून करून घेतले असेल तर तसे ॲमेझॉनला सांगावे लागते. ते लपवू नये.

गोव्याची कथा म्हटली की किनारा, मावळता सूर्य आणि माड, हेही आता पुरे. कथा सांग्याच्या खाणपट्ट्यातली असो वा पेडण्यातल्या दशावताराची, मुखपृष्ठावर पर्यटकांचा गोवाच येतो. आपल्याकडे काय कमी आहे? मोरजीच्या मोरजाई देवळातली कावी कला बघा. चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव लावायची आणि ओली आहे तोवर वरचा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, ठसठशीत आकार. मोबाइलवरच्या छोट्या मुखपृष्ठाला याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही. करड्या छटांतही ते शाबूत राहते.

भागाभागाने येणाऱ्या कथांसाठी दर भागाला नवे चित्र करायची गरज नसते. रंग, अक्षर आणि लेखकाचे नाव जागच्या जागी ठेवावे, भागाचा आकडा मोठा घालावा. वाचक बोटाने भराभर वर सरकवत असतो, त्याला आपली कथा ओळखू यायला एवढे पुरते.

आता एक मागणी संबंधितांकडे आणि एक आपल्याकडे. पणजीत आल्तिनोवर असलेल्या गोवा कला महाविद्यालयातून उपयोजित कलेचे विद्यार्थी बाहेर पडतात. गोमंतक मराठी अकादमीने त्यांना आणि ई-पुस्तके काढणाऱ्या लेखकांना दोन दिवस एकत्र बसवावे. लेखकाने आपली कथा वाचून दाखवावी, विद्यार्थ्याने तिथेच देवनागरीत शीर्षक रेखाटावे. याला फार खर्च येणार नाही, एक खोली आणि कागद-पेन्सिली पुरेत.

आपल्याकडची मागणी त्याहून सोपी आहे. पुरवणीत पुस्तकाचा परिचय छापताना लेखक, प्रकाशक, पाने, किंमत अशी चौकट असते. त्यात ‘मुखपृष्ठ’ ही एक ओळ वाढवावी आणि ते करणाऱ्याचे नाव छापावे, पुस्तक छापील असो वा ई-पुस्तक. लेखकांनीही आतल्या पहिल्या पानावर, फेसबुकवरच्या कथेत पहिल्या भागाखाली, ते नाव द्यावे. नाव छापले जाणार हे ठाऊक असलेला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्याचे चित्र उचलणार नाही आणि ‘विहीर’ची वेलांटीही तपासून घेईल. पुढच्या रविवारपासून ही ओळ सुरू करता येईल का, ते कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
फोंडा, गोवा