भूक शांत आहे तोवर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता जेवायची आठवणसुद्धा होत नाही," आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं. मागून आईचा आवाज आला, "दुपारी ताट तसंच ठेवलं यांनी." माझ्या मनात तेव्हापासून तेच घोळतंय. फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, आधी एक सांगते. इंजेक्शनाने तुमचं वजन उतरतंय याचा मला मनापासून आनंद झालाय. जिना चढताना तुम्हाला धाप लागायची ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. जो तो तुम्हाला "तोंडावर ताबा ठेवा" म्हणायचा, तेही ऐकलंय. तुमच्या इच्छाशक्तीत काही कमी नव्हती. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. शरीरात तयार होणारं हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं. तुमच्या इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड त्याच्यासारखंच काम करतं, पण त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणून ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वर्षानुवर्षं डोक्यात चालणारी खाण्याची भुणभुण एकाएकी थांबली, ती यामुळे. "सुई टोचून कोणीही बारीक होईल" असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. बीपीची गोळी घेतल्याबद्दल तुम्हाला कधी कोणी नावं ठेवली नाहीत.

पण बीपीची गोळी बंद केली की बीपी पुन्हा चढतो, तसंच या औषधाचंही आहे. २०२१ साली सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात १,९६१ जण होते. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. पुढे त्यातल्याच काही जणांवर औषध आणि सल्ला दोन्ही थांबवल्यावर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. तुमचे डॉक्टर कदाचित हे औषध कायम चालू ठेवतील, कदाचित पुढे डोस कमी करतील, कदाचित कधीतरी ते तुम्हाला मानवणार नाही. त्यातलं काय होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा आत्ताचे हे महिने, भूक शांत असतानाचे, मला फार मोलाचे वाटतात. आजवर खाण्याशी झगडण्यात तुमची जी ताकद जायची ती आता मोकळी झाली आहे. ती पायांना द्या, एवढंच माझं मागणं आहे.

पायच का, तर वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. या औषधांच्या अभ्यासांत घटलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा, काही ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंत, चरबीखेरीज इतर भागांचा होता, आणि त्यात स्नायूही आले. तिशीतल्या माणसाला गेलेले स्नायू परत कमावणं त्यामानाने सोपं असतं. तुमच्या वयात ते आधीच दरवर्षी थोडे थोडे कमी होत असतात. उद्या वजन परत वाढलंच तर चरबी आपोआप येईल, स्नायू मात्र मेहनतीशिवाय येणार नाहीत. काट्यावर आकडा कमी आणि पायात जोर नाही, अशी अवस्था तुमच्या वाट्याला येऊ नये. या वयातलं पडणं किती महागात पडतं ते आपण जवळच्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय.

मागच्या भेटीत मी तुम्हाला खुर्चीतून उठताना पाहिलं, बाबा. आधी पुढे सरकलात, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबलेत, एक क्षण थांबलात आणि मग झटका देऊन उठलात. बसताना तर शेवटचं वीतभर अंतर अंग सोडूनच दिलंत. वजन बरंच कमी झालेलं असूनही हे असं. म्हणून सुरुवात इथूनच करू या.

पक्की, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेशी बसा. दोन्ही पावलांत खांद्यांइतकं अंतर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घ्या, सुरुवातीला जमलं नाही तर मांडीवर ठेवले तरी चालतील. आता पुढे वाका आणि टाचांवर जोर देऊन उभे राहा. श्वास रोखू नका. खरी मेहनत पुढे आहे: मनात तीन-चार आकडे मोजत सावकाश खाली बसा, शेवटच्या वीतभर अंतरातही अंग सोडू नका. जमतील तितक्या वेळा करा, दम खा, पुन्हा करा. गुडघा बोचला तर खुर्चीवर जाड उशी ठेवा म्हणजे कमी वाकावं लागेल. नंतर ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि हळू टेकवायच्या. हातांसाठी रबरी पट्टा मी पाठवते. एकदा फिजिओथेरपिस्टकडून हे सगळं नीट करून घ्या, कारण तुमचे गुडघे मी लांबून तपासू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या लोकांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचा सराव सुचवते. तुमचं चालणं छान सुरू आहे, ते चालू द्या. पण नुसत्या चालण्याने मांड्यांना पुरेसं काम मिळत नाही.

गुडघ्यांसाठीही आशा आहे. गुडघ्याची झीज आणि लठ्ठपणा दोन्ही असलेल्या ४०७ जणांवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांच्या वेदना औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाल्या. म्हणजे जो व्यायाम दोन वर्षांपूर्वी दुखण्यामुळे जमत नव्हता तो आता जमण्यासारखा आहे. आणि व्यायामाचा उपयोग औषध संपल्यावरही राहतो, हे डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात दिसलंय. तिथे आधी आहाराने वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभर लिराग्लुटाइड, म्हणजे याच गटातलं रोज घ्यायचं इंजेक्शन, किंवा व्यायाम, किंवा दोन्ही दिलं होतं. सगळं थांबवून वर्ष उलटल्यावर नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा त्यासोबत व्यायाम केलेल्यांनी उतरलेलं वजन जास्त चांगलं टिकवलं होतं. मला यातून सगळ्यात जास्त धीर आला.

आता जेवण. "भूक नाही तर कशाला खायचं" हे तुमचं म्हणणं एरवी मी मान्य केलं असतं. पण सध्या तुमची भूक औषधाने दाबलेली आहे, ती शरीराची गरज नीट सांगत नाही. म्हणून भुकेवर विसंबू नका, घड्याळ पाहून जेवा. थोडं खा, पण तिन्ही वेळा खा. चार घासांत पोट भरतं ना, मग ते चार घास आधी प्रथिनांचे असू देत: डाळी, कडधान्यं, दही, पनीर, अंडी. भात-पोळी त्यानंतर. तुमच्या वयाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ८० किलोच्या माणसाला म्हणजे ८० ते ९६ ग्रॅम. ती एका जेवणात बसत नाहीत, दिवसभरात वाटूनच घ्यावी लागतात. किडनीचा त्रास असलेल्यांचं गणित वेगळं असतं, तेव्हा वाढवण्याआधी रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा.

पाण्याचंही तेच. वयानुसार तहान कमी लागते, त्यात हे औषध. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर किडनीवर ताण येतो. मळमळ होते त्या दिवशी तळलेलं टाळा, कमी खा, जेवून लगेच आडवे होऊ नका. बद्धकोष्ठतेला पाणी, भाज्या-फळं आणि चालणं, हाच पहिला उपाय.

आई, आता तुझ्याशी. तू इंजेक्शन घेत नाहीस, पण तुझंही जेवण आटलंय. "यांना नको असतं, मग माझ्या एकटीसाठी काय करायचं" म्हणून रात्री तू दुधावर भागवतेस, हे मला मावशीकडून कळलं. तुझे स्नायूही तितकेच जपायला हवेत, हाडांसाठी तर जास्तच. बाबांच्या भुकेवर तुझं ताट ठरवू नकोस. बाबांना आग्रह मात्र करू नकोस. पोट भरल्यावरचा एक घाससुद्धा आता त्यांना मळमळवून सोडतो. तू समोर बसून आपलं पोटभर जेव, म्हणजे तेही वेळेवर पानावर बसतील. खुर्चीचा व्यायामही दोघांनी मिळून करा. आणि "मीही एकदा घेऊन बघू का" असं तू हसत विचारलंस, म्हणून सांगते: बाबांचं इंजेक्शनाचं पेन त्यांचंच. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नसतं, आणि तुला औषध लागतं का हे तुला तपासूनच ठरेल.

सवय लागायला किती दिवस, असं बाबा विचारतील. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६ होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. रोज ठरलेल्या कामाला नवं काम जोडलं की ते लवकर रुजतं. दात घासून झाले की खुर्ची, एवढं सोपं ठेवा.

आणि रात्रीच्या बातम्यांचा तो तास, बाबा. तेव्हा हात आपोआप डब्याकडे जायचा, भूक असो वा नसो. सध्या तो जात नाही. पण तो तास रिकामा ठेवलात तर औषध कमी झाल्यावर हात पुन्हा तिकडेच वळेल. त्या वेळेला आतापासूनच दुसरं काहीतरी लावून घ्या. तुमचं अर्धवट राहिलेलं लेखन आहे, आईबरोबर पत्त्यांचा डाव आहे. हे मला व्यायामाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

वजन आठवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरे. त्याच्या शेजारी वहीत दोन आकडे लिहा: कमरेचा घेर आणि ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता आलं. मी फोनवर आधी तो शेवटचा आकडा विचारणार आहे.

डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. सुरुवातीला ०.२५ मिलिग्रॅमवर चार आठवडे ठेवलं होतं ते शरीराला सवय व्हावी म्हणून, पुढच्या पायऱ्याही सावकाशच चढायच्या. एखादं इंजेक्शन राहून गेलं तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचं नाही. उठल्यावर चक्कर येत असेल तर ती अंगावर काढू नका. वजन उतरलं की बीपी उतरतो, आणि जुन्या गोळीचा डोस जास्त होऊ शकतो. पोटात न थांबणारं जोरदार दुखणं, पाठीकडे जाणारं, सोबत उलट्या, असं झालं तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. तेव्हा मला फोन करण्याआधी दवाखाना गाठा.

पुढच्या तपासणीला मला फोनवर घ्या. प्रथिनं किती, बीपीची गोळी तीच ठेवायची का आणि हे औषध पुढे कसं चालवायचं, हे तीन प्रश्न मला डॉक्टरांना विचारायचे आहेत.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना हे इंजेक्शन चालू असल्याचं तिथे आधीच सांगा, शेवटचा डोस कधी घेतला तेही. या औषधामुळे जठर उशिरा रिकामं होतं. भूल किंवा झोपेचं औषध द्यायचं ठरलं, तर उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. आई, फाइलवर पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेव.