आबांचं कलम

ठाणे,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय शैले,

आठ महिन्यांनी हिला बरी आठवण झाली, असंच म्हणशील. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलं पाठवते ती पत्रात धरू नकोस. गुडघे तसेच, साखर ताब्यात, ह्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा दिवाळीनंतर. संपली तब्येत.

आता बसून वाच. आणि भाऊजींना लगेच मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

जूनमध्ये परसात नवं कलम लावलं, रत्नाचं. तुमच्या दापोलीचीच जात, हापूस आणि नीलमचा संकर. आतला गर नासून साका होत नाही, दरवर्षी धरतं, म्हणून घेतलं. पेरूच्या पलीकडे दीड हात खड्डा खणला, तर खालून निम्म्या विटाच निघाल्या. शेणखत घातलं, काठीचा आधार दिला. ऑगस्टमध्ये बुंध्याशी असा तरतरीत फुटवा आला की मी अख्ख्या वाडीला बोलावून दाखवला. रोपवाटिकावाला खताची गोणी टाकायला आला होता, त्याने तो नखानेच खुडला. म्हणाला, "बाई, जोडाच्या खालून येतो तो खुंटाचा, ज्या कोयीच्या रोपावर कलम बांधतात त्याचा. तो ठेवलात तर वरचं कलम मरतं आणि रायवळ वाढतं."

शैले, मी त्याच्यासाठी आणलेला चहा हातातच निवला.

रात्री माळ्यावरून अल्बम काढला. जून १९९७, अमोलचा पाचवा वाढदिवस, भाऊजींनी काढलेला फोटो. अमोल तीनचाकीवर, मागे आपण दोघी (तुझी ती मोरपंखी साडी, जी मी अजून परत केलेली नाही) आणि मधे तुझ्या आबांच्या कलमाचा आंबा, कमरेएवढा. ह्यांचं भिंग लावलं. दोन शेंडे दिसतात. एक वाकडा, मरतुकडा, मोजून चार पानं; त्याच्या बुडाशी पॉलिथिनची पट्टी. तीन वर्षं झाली तरी ती पट्टी मी सोडली नव्हती, काचली होती अगदी. दुसरा शेंडा सरळसोट, कोवळ्या तांबूस पानांचा, आणि तो निघालाय पट्टीच्या खालून, जवळजवळ मातीतूनच.

त्याच पावसाळ्यात मी वाकडा कापला. नारळ सोलायच्या कोयत्याने. सरळ वाढतंय त्याला जागा हवी, म्हणून. वर तुला फोन करून सांगितलं होतं, की झाडाला वळण लावलं.

म्हणजे आबांचा हापूस मी माझ्या हाताने मारला. आणि २००४ साली अंड्याएवढे, दोरेच दोरे असलेले आंबे लागले तेव्हा हळदीकुंकवाला पंधरा बायकांसमोर मीच म्हणाले, "शैलाच्या आबांनी रायवळ गळ्यात मारलं आमच्या." तू वाण न घेता उठून गेलीस. सात महिने बोलली नाहीस. मी काय म्हणायची, इतकी नाकाला झोंबायला काय झालं, आंबाच तर आहे! ज्या कलमासाठी तू दापोलीहून एसटीत उभी आलीस, कंडक्टर अर्धं तिकीट मागतो म्हणून पनवेलपर्यंत त्याच्याशी भांडलीस. आबांनी स्वतः बांधलेलं. ते गेले तेव्हा मी आले होते, पण त्या विषयावर काय बोलणार होते? तेव्हाही माझ्या मते चूक त्यांचीच होती.

आठवडाभर झोप नाही. हे म्हणतात, आता फोन करून टाक. फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणशील, आणि मला ते नकोय.

तर आता प्रश्न असा. जातबदल करता येतो म्हणे. आता फांदी छाटायची, कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट फासायची, नवे फुटवे आले की त्यातले दोन-चार ठेवून येत्या पावसाळ्यात त्यांवर हापूसची काडी बांधायची. नुसती फांदी छाटायची तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा १९७५ चा, आपल्या दहावीच्या पहिल्या बॅचएवढाच जुना, आणि तितकाच कुणाला न समजलेला. अर्ज आणून ठेवलाय. "छाटणीचे कारण" या रकान्यात काय लिहू? प्रायश्चित्त?

आणि हात धजत नाही. दोन वर्षांपूर्वी माळ्याने नोव्हेंबरात सगळे शेंडे साफ केले होते, आठवतं? मोहोर यायचा जुन्या, पिकलेल्या काडीवर, आणि हा म्हणतो पेरूला चालतं! पेरूला चालतं, तो नव्या फुटीवर धरतो. त्या साली एक कैरी नाही. वाडीत लोणचं पडलं नाही, समोरच्या काकू माझ्याशी सुतक असल्यासारख्या वागल्या. तूच मे महिन्यात येऊन रिकामी पिशवी झटकून गेलीस. ज्या झाडाला नावं ठेवली त्याच्याच कैऱ्यांचं लोणचं तुझ्या घरी, त्याच्याच आंब्यांचं कोयाडं माझ्या घरी. आता ते झाड अर्धं करायचं कुणासाठी? माझ्यासाठीच ना? मनाला बरं वाटावं म्हणून पुन्हा कोयता. परत वाटतं, एक फांदी, फक्त पश्चिमेची. मग वाटतं, चार वर्षांनी फळ, तेव्हा मी सत्तरीत. दिवसातून तीनदा जाऊन त्या फांदीकडे बघते, हे हसतात.

तुझ्या नातीचं बारसं झालं ना? नाव काय ठेवलं, फोटोत पाळणाच दिसतोय सगळा. विहिरीच्या पंपाचं मिटलं का? भाऊजींना म्हणावं, सरपंचाशी भांडताना बीपीची गोळी घेऊन जा.

बांधायची झालीच तर काडी बाजारातली नको, आबांच्या त्या मूळ झाडाची हवी. पेन्सिलीएवढी, तीन-चार महिन्यांची. आधी आठ-दहा दिवस पानं काढून ठेवायची, हे तुला मी काय सांगणार. पण परवा लिहायला बसले आणि लक्षात आलं, २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्या बागेतली झाडं पडली तेव्हा मी फोनवर कौलांची चौकशी केली, माणसांची केली. ते झाड उभं आहे का, हे विचारलंच नाही.

आहे का गं?

तुझी,
मंदा