कुलकर्णी: आडनाव की हुद्दा? सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आपलं कुलकर्णी आडनाव आलं कुठून आणि गावोगावी इतके कुलकर्णी कसे, असं तू विचारलंस. हे फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून नीट लिहितोय. आधी एक गोष्ट पक्की धर: कुलकर्णी हे मुळात हुद्द्याचं नाव. त्यावरून तुझा पूर्वज काय काम करत होता ते समजतं, तो कोणत्या घराण्यातला होता ते समजत नाही. म्हणून शोध सुरू करायचा तो गावापासून.

कुळाचा इतिहास सांगणारा तो कुलकर्णी, हा अर्थ बरेच जण सांगतात. कोणी तर 'कर्ण' म्हणजे कान धरून भलतीच व्युत्पत्ती लावतात. दोन्ही चूक. यातलं 'कुळ' म्हणजे जमीन कसून सारा भरणारा शेतकरी. आपण अजून 'कूळकायदा' म्हणतो, तेच. आणि 'करण' म्हणजे लेखन, दस्त. लिहिणाऱ्या हुद्देदारांना आंध्रात करणम म्हणत, ओडिशात करण नावाची लेखकांची जातच आहे. सगळी एकाच मुळाची फांदी. जुन्या कागदांत हुद्द्याला 'कुलकर्ण' किंवा 'कुळकर्ण' म्हटलंय आणि तो चालवणाऱ्याला कुलकर्णी. कोणत्या कुळाकडे किती जमीन, सारा किती, वसूल किती, बाकी किती, हे सगळं तो मोडीत लिहून ठेवायचा. पाटील गावचा मुख्य, कुलकर्णी त्याचा लेखक. परगण्याच्या, म्हणजे बऱ्याच गावांच्या गटाच्या, पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे यांची.

इतके कुलकर्णी का, याचं उत्तर यातच आहे. दर गावाला, नाहीतर दोनचार लहान गावं मिळून, एक कुलकर्णी लागायचाच. देशावर, मराठवाड्यात आणि बेळगाव-धारवाड-विजापूरकडे ही व्यवस्था घट्ट होती, म्हणून तिथे हे आडनाव दाट आहे. रत्नागिरीकडे वसुली खोतांच्या हाती, त्यामुळे तिकडे ते विरळ. हे वतन, म्हणजे पिढीजात हुद्दा आणि त्याबरोबरची जमीन व हक्क, देशस्थांकडे जास्त असलं तरी ते एकाच जातीचं कधीच नव्हतं. मावळात आणि कोकणाच्या काही भागांत चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंकडे कुलकर्ण होतं, दक्षिणेत जैन आणि लिंगायत कुलकर्णीही आहेत. तेव्हा आडनावावरून जात ओळखायला गेलास तर हमखास चुकशील.

या वतनाची दुसरी बाजूही तुला माहीत असावी. गावात लिहिता येणारा बहुधा तो एकटाच, त्यामुळे बाकी किती हे तो सांगेल तेच खरं. या लेखणीनं शेतकरी कसा नाडला जातो, ते महात्मा फुल्यांनी स्पष्ट लिहिलंय. घराण्याचा इतिहास लिहायला घेशील तर हे वगळू नकोस.

आता तुझ्या घराण्याकडे येऊ. कुलकर्णी हुद्द्यामागे बहुतेक वेळा एक मूळ उपनाव दडलेलं असतं. समर्थ रामदासांचं घराणं ठोसर, आणि जांबचं कुलकर्ण त्यांच्याकडे. इंग्रजी अमलात शाळा, कोर्ट, नोकरी यांच्या कागदांवर एकच कायमचं आडनाव लागायला लागलं, तेव्हा कोणी उपनाव लावलं, कोणी हुद्दा, तर कोणी गावाला 'कर' जोडून मोकळं झालं. म्हणून सख्ख्या चुलत घराण्यांची आडनावं वेगळी निघतात आणि शेजारच्या दोन कुलकर्ण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

एकाच गावात दोन गोत्रांचे कुलकर्णी निघाले तरी गोंधळू नकोस. वतन ही मिळकत होती. तिच्या भावाभावांत तक्षिमा, म्हणजे वाटे, पडत, एखादी तक्षीम विकली जाई, कधी दत्तकानं दुसऱ्या घरात जाई. प्रत्यक्ष काम पुष्कळदा वतनदारानं नेमलेला गुमास्ता करायचा आणि पुढे त्याच्या मुलाबाळांना लोक कुलकर्णीच म्हणायचे. काही गावांत जोशीपण (गावच्या ज्योतिषाचं काम) आणि कुलकर्ण एकाच घरात, तिथे एक शाखा जोशी झाली, दुसरी कुलकर्णी.

या सगळ्याचा उलगडा सर्वांत चांगला होतो तो महजरात, म्हणजे जुन्या निवाडापत्रात. वतनाचा तंटा झाला की गावचे लोक गोतसभेत बसत आणि निवाडा लिहिला जाई. खाली साक्षींच्या निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, तसंच ज्याचं जे हत्यार ते. कुलकर्णी मात्र बहुधा आपलं नाव स्वतः लिहितो. वादात दोन्ही बाजू आपापल्या पिढ्या सांगतात, त्यामुळे चारपाच पिढ्यांची वंशावळ एका कागदात सापडू शकते. फक्त ती वादीनं स्वतःच्या सोयीनं सांगितलेली असते हे विसरू नकोस. प्रतिवादीचा मजकूर वाचल्याशिवाय काही उतरवून घेऊ नकोस.

तारखांपाशी नवखे लोक नेहमी अडकतात. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन, ही तेव्हाची एक कालगणना, अरबी शब्दांत लिहितात. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळव, इसवी सन १७७२ येतो. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासूनच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. फसली सनाला, म्हणजे महसुली कागदांतल्या दुसऱ्या कालगणनेला, मात्र ५९० किंवा ५९१. दोन्हींची गल्लत झाली की नऊ वर्षांची चूक होते आणि बाप-मुलाचा क्रम बिघडतो. शक असेल तर ७८, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांत जागाही सोडत नाहीत, म्हणून उपनाव एकाच ठिकाणी वाचून ठरवू नकोस. ते निदान दोन कागदांत सारखं वाचता आलं पाहिजे.

जुन्याकडून नव्याकडे येऊ नकोस, उलट जा. मुंबई इलाख्यातल्या गावांत परगणा व कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, १ मे १९५१ पासून संपली. वतनी जमिनी सरकारजमा होऊन रक्कम भरून घेऊन परत दिल्या गेल्या, त्याची नोंद फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदवहीत, असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं नाव देऊन त्या सुमाराचे फेरफार माग. जुन्या उताऱ्यावर वतनी इनामाचा शेरा दिसला तर समज, वाट बरोबर आहे. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ तिथेच मिळतो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं बंद करून तलाठी नेमले, म्हणून तिकडचं गाव असेल तर तीस वर्षं आधीचं दप्तर बघावं लागेल. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट, तिथले महसुली कागद पुष्कळदा उर्दूत मिळतील.

मग पुण्याचं पुराभिलेखागार. पेशवे दप्तर तिथे रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेलं आहे. नुसतं आडनाव सांगून तिथे काही हाती लागणार नाही. गावाची जुनी तर्फ (परगण्याचा पोटभाग) आणि परगणा सांगावा लागतो. गाव खुर्द की बुद्रुक तेही तपासून जा, या एका शब्दापायी दुसऱ्याच घराण्याचे कागद काढून बसशील. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची पिढीजात नावं मिळतात. तिथे मूळ उपनाव सापडण्याची आशा मोठी. शोधताना कुलकर्णी आणि कुळकर्णी दोन्ही बघ. कंपनीच्या काळातल्या इंग्रजी कागदांत स्पेलिंग 'सी'नं सुरू होतं, नाहीतर 'के'नं आणि पुढे दोन 'ओ'.

एवढं करण्याआधी घरातली माहिती गोळा कर. गोत्र, कुलदैवत, देवीला जायचं ठिकाण आणि मूळ गाव, या चार गोष्टी दोन वेगवेगळ्या वडीलधाऱ्यांना स्वतंत्रपणे विचार. आत्याला आवर्जून विचार; लग्न ठरताना हे सगळं तिच्यासमोर बोललं गेलेलं असतं. नुसतं गोत्र जुळलं म्हणून कोणाला भाऊबंद मानू नकोस, चारही गोष्टी जुळल्या तरच पुढे जा.

फेरफाराची नक्कल मिळाली की तिचा फोटो पाठव. कागदाच्या दोन्ही बाजू घे आणि कडेचे शेरे कापू नकोस, फेरफार क्रमांक आणि तारीख बहुधा तिथेच असते. मोडी मजकूर असेल तर मी लावून देईन.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनायक