सहलीला मुलगी नको, हमीपत्र मात्र हवं

मा. संपादक,
स. न.

१४ नोव्हेंबरच्या पुरवणीतला मुलांच्या मधुमेहावरचा लेख वाचला. बालदिनाला या मुलांची आठवण ठेवलीत, आभार. पण त्यातली निम्मी जागा जिलेबीच्या फोटोने खाल्ली आणि उरलेल्या जागेत पालकांनी मुलांच्या गोड खाण्यावर लक्ष ठेवावं, असा उपदेश! माझ्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. तो गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. जिलेबीचा यात काही हात नाही. पण तुमचा लेख वाचून शेजारच्या काकूंनी काल जिन्यातच विचारलं, "लहानपणी चॉकलेटं फार द्यायचात का गं?"

सुयांचं आता काही वाटत नाही. जेवणाआधी बोट टोचणं, पोळ्या-भाताचा हिशोब, इन्सुलिनच्या पेनवर युनिट लावणं, सगळं ती स्वतः करते. जीव नकोसा होतो तो शाळेपायी. गेल्या वर्षी सहावीची सहल पन्हाळ्याला निघाली. पैसे भरले, टोपी आणली. आणि ऐन वेळी मुख्याध्यापिकांनी बोलावून 'काही झाल्यास शाळा जबाबदार नाही' असं हमीपत्र पुढ्यात ठेवलं. केली सही. मग म्हणाल्या, तरी आई किंवा वडील सोबत हवेतच. म्हटलं, रजा काढते. तर बसमध्ये जागा नाही! शेवटी वर्गशिक्षिका मायेने म्हणाल्या, "राहू द्या ना ताई, तिलाच दगदग होईल." ही मुलगी रोज संध्याकाळी खो-खो खेळते हो! त्या दिवशी ती घरी बसली आणि बाकीच्यांचे फोटो माझ्या फोनवर, वर्गाच्या ग्रुपवर बघत राहिली.

शाळेकडून अपेक्षा तरी काय होती? रक्तातली शुगर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, बसवायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तपासणार तीच, बाईंनी फक्त शेजारी थांबायचं. मी हे कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद हमीपत्राला टाचून फाइलमध्ये गेला. सीबीएसईने २०१७ मध्येच अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायची मुभा दिली. आमच्याकडे साध्या घटक चाचणीला शुगर तपासायचा ग्लुकोमीटर 'इलेक्ट्रॉनिक वस्तू' म्हणून टेबलावर जमा होतो. पुढच्या बालदिनाला यावर लिहा, फोटो मी पाठवते.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर 'मधुमेह मुळासकट बरा, इन्सुलिन कायमचे बंद' अशी ठळक जाहिरात आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक असेलच. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत ते अतिदक्षता विभागात पोचतं, जिवावरही बेततं. आमच्या सासूबाईंनी ती जाहिरात कापून फ्रिजच्या दारावर लावली आहे. पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांना कोणी समजावायचं, मी की तुमच्या जाहिरात विभागाने?

— सातवीतल्या एका मुलीची आई, सांगली