मोटार उघडी असताना बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ३२ वर्षे नौदलाच्या गोदीत विजेच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळालेल्या मोटारींत नव्या तारेचे वाइंडिंग (वेढे) बसवले. जहाजावरच्या मोटारींची दुरुस्ती बाहेर कंत्राटाने द्यायला माझा सरसकट विरोध नाही. काम तुंबले की आम्हीच साहेबांना सांगायचो, एवढ्या बाहेर पाठवा. पण कंत्राट देताना फक्त दर बघायचा आणि मोटार परत घेताना फक्त मेगर (इन्सुलेशन, म्हणजे वीजरोधक आवरण, मोजायचे उपकरण) लावायचा, हे मला पटत नाही.

आगीच्या पंपाची एक मोटार अशीच बाहेरून भरून आली होती. रंग झकास, मेगरवर २०० मेगओहम, कागदोपत्री सगळे पास. तीन महिन्यांत जळाली. स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, उघडून मी एक कॉइल ओढली, तर तारा केसांसारख्या सुट्या हातात आल्या. तारा एकमेकींना चिकटवून धरणारे वॉर्निश वरवर दिसणाऱ्या भागावर ब्रशने फासले होते, कॉइल बसते त्या स्लॉटमध्ये (खाचेत) थेंब नव्हता. जहाजावर सगळेच थरथरत असते. सुट्या तारा एकमेकींवर घासतात, तारेवरचे एनॅमल उडते आणि दोन वेढे आपसात शॉर्ट होतात. मेगरला हे दिसतच नाही, कारण तो तार आणि लोखंड यांच्यामधले इन्सुलेशन मोजतो, वेढ्यावेढ्यांमधले नाही. त्याच मोटारीत बेअरिंगही साधे निघाले. मूळचे सी-३ होते, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेले, कारण मोटार तापली की आतली कडी फुगते. दोन्ही बेअरिंगे दिसायला सारखीच, फरक काय तो कडेवर कोरलेल्या अक्षरांत. नशीब, जहाज तेव्हा धक्क्याला लागलेले होते. भर समुद्रात आग लागली असती आणि तेव्हाच पंप बंद पडला असता तर?

बाहेरचे कारागीर कच्चे असतात असे मी म्हणणार नाही, त्यांतले काही माझ्याच हाताखाली शिकले. घाई त्यांना नडते. जुने वाइंडिंग लवकर सुटावे म्हणून थेट ज्योत मारली, की कोअरच्या (लोखंडी गाभ्याच्या) पत्र्यांमधले इन्सुलेशन जळते. मग नवी तार भरूनही ती मोटार कायम गरम चालते. तापमान दहा अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे, हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब. ज्योतीऐवजी तापमान आवरून भट्टी लावायची तर वेळ जातो, आणि वेळ घेणाऱ्याचा दर निविदेत टिकत नाही.

म्हणून कंत्राटातच लिहा, की काम कुठे थांबवून दाखवायचे. जुनी तार काढण्याआधी वेढे, गेज (तारेची जाडी) आणि पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधले स्लॉटांचे अंतर) यांची नोंद. भट्टीनंतर कोअरची चाचणी. कॉइली भरून झाल्या की वॉर्निशच्या आधी सर्ज टेस्ट, म्हणजे वेढ्यांतला शॉर्ट तिथेच सापडेल. वॉर्निश व्हॅक्यूम टाकीतच. आणि प्रत्येक टप्प्याला गोदीचा माणूस समोर उभा हवा.

तो माणूस मात्र स्वतः मोटारी भरलेला असावा. माझे उस्ताद कॉइलवर नखाने टिचकी मारून आवाजावरून सांगत, वॉर्निश आत मुरले आहे की नाही. हे कान फाइली तपासून तयार होत नाहीत. सगळेच काम बाहेर गेले तर पुढच्या पोरांनी शिकायचे कोणाकडे? गोदीने वाइंडिंगची निदान चार टेबले चालू ठेवावीत, आणि आगीच्या पंपांच्या व सुकाणूच्या मोटारी तिथेच भराव्यात.

आपला,
एक निवृत्त मोटार वाइंडर