कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या भाऊंना, आर्वी तालुक्यातून

भाऊ, सप्रेम नमस्कार.

शनिवारची कॉम्प्युटरवरची ऑनलाइन रेस पूर्ण झाली. पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत कोणाच्याच स्क्रीनवर माझी गाडी उडाली नाही. फोनवर हे सांगितलं तेव्हा तुमच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तुम्ही “बरं झालं” म्हणून फोन ठेवला. पण माझं बोलणं तेवढ्यानं संपलं नव्हतं आणि ते चार लोकांसमोर बोलायचं होतं, म्हणून हे पत्र.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना वाटेल, गेम तर आहे, त्यासाठी एवढं काय! त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिम रेसिंगमध्ये खऱ्या ट्रॅकची हुबेहूब नक्कल असते. टेबलाला स्टिअरिंग कसलेलं, पायाशी पेडल, आणि वीस-पंचवीस जण आपापल्या घरून एकाच वेळी धावत असतात. यातून लोक खऱ्या गाडीपर्यंतही गेले आहेत. ब्रिटनचा जॅन मार्डनबरो 2011 मध्ये अशाच गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि 2013 मध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरला. मला कुठं जायचं आहे ते मी आज लिहीत नाही. पण सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरवर काम करून मी हे जुनं स्टिअरिंग घेतलं आहे, आणि शनिवारची लीग माझ्यासाठी वेळ घालवायचं साधन नाही.

ताशी 200 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 55 मीटर जाते. म्हणजे माझ्या गाडीची खबर 300 मिलिसेकंद उशिरा पोचली तर तेवढ्यात 16 मीटरहून जास्त अंतर निघून गेलेलं असतं, तीन-साडेतीन गाड्यांच्या लांबीएवढं. खबर येईपर्यंत दुसऱ्याचा कॉम्प्युटर अंदाजानं माझी गाडी पुढं ढकलत राहतो, शेवटी कळलेल्या वेगानं आणि त्याच दिशेनं. सरळ पट्ट्यावर तो अंदाज निभून जातो. इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर मोठ्या सरळ पट्ट्यानंतर पहिलं वळण आलं की सगळे जीव खाऊन ब्रेक दाबतात. मीही दाबलेला असतो, पण ते समोरच्याला अजून कळलेलं नसतं. त्याच्या स्क्रीनवर मी त्याच वेगात त्याच्या पाठीत घुसतो, तो बिचारा मला चुकवायला गवतात उतरतो, आणि खबर पोचली की माझी गाडी उडी मारून मागं जाते. मी कोणाला स्पर्शही केलेला नसतो, पण त्याची रेस माझ्यामुळे गेलेली असते.

हे माझ्या बाबतीत पावसाळाभर चाललं होतं. ज्यांच्याकडे मी आधी गेलो त्यांच्याबद्दलही आज लिहितो, कारण मनात ठेवून उपयोग नाही.

नेट देणाऱ्यांच्या फोनवरची ताई प्रत्येक वेळी राउटर बंद करून चालू करायला सांगायची. त्यांचा पोऱ्या भर दुपारी यायचा, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावायचा, आकडा दाखवायचा आणि गाडीला किक मारायचा. “स्पीड तर बराबर येऊन रायली, अजून काय पायजे?” मी म्हणायचो, स्पीड बराबर आहे, पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) उड्या मारतो, आणि तोही रात्री. हे दुसरं वाक्य ऐकायला तो थांबलाच नाही. एका दुकानदारानं महाग राउटर गळ्यात मारला. कोणी म्हणालं, महिन्याचे पैसे भरून गेमचा ‘बूस्टर’ घे, तो गेमचे निरोप वेगळ्या रस्त्यानं नेतो. तोही घेतला. दुखणं घरातल्या नेटच्या तोंडाशी असेल तर पुढचा रस्ता बदलून फरक कसा पडणार, हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं की माहीत असून सांगितलं नाही, देव जाणे.

सगळ्यात जास्त लागलं ते लीगच्या ॲडमिनचं बोलणं. “भाऊ, तू खेड्यातून खेळतोस, तिथं नेट असंच असणार. काही दिवस थांब.” त्याच्या जागी मीही लोकांच्या रेसची काळजी केली असती, त्याचं थांबवणं मला समजतं. पण खेडं हे कारण कसं झालं? आमच्या तालुक्यापासून गेमचा मुंबईचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या गाड्यांची खबर एकमेकांना देणारं मशीन, सरळ रेषेत 600 किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन 6 मिलिसेकंद. तार वाकडीतिकडी फिरून गेली, मधे टॉवर आणि दहा मशिनी लागल्या, तरी माझा दिवसाचा पिंग 30 च्या आत होता. तोच रात्री 350 व्हायचा. माझं गाव रात्री मुंबईपासून लांब सरकत नव्हतं. एवढा साधा विचार शहरातल्या एकानंही केला नाही. खेडं म्हटलं की विषय संपला.

अशात मी तुमच्याकडे आलो तो चिडलेलाच होतो, भाऊ. तुम्ही स्पीड विचारली नाही. विचारलं, “किती वाजता होते?” मी म्हणालो, रात्री नऊनंतर. तुम्ही म्हणालात, “मग आता येऊन काय पाहू? राती येतो.”

आणि दुकान बंद करून, पाण्यापावसाचं, त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं तुम्ही खरंच आलात. आईनं चहा ठेवला. मला वाटलं आता कॉम्प्युटर ताब्यात घ्याल आणि मला बाजूला व्हायला सांगाल, सगळे तेच करत होते. तुम्ही बाज ओढून माझ्या मागं बसलात, मांडीवर वही घेतली आणि म्हणालात, “तू खेय बिनधास्त. मी इथंच बसतो.”

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. बाकीचं सगळं काम कोणी शिकलेला माणूस करू शकला असता. पण तोपर्यंत कोणीही माझी अडचण घडताना पाहायला बसलं नव्हतं. सगळ्यांनी मी सांगितलेलं ऐकलं आणि आपल्याला जे माहीत होतं तेच सांगून निघून गेले. तुम्हाला त्या गेममधलं काही कळत नव्हतं, तुम्ही तसं सांगितलंही. तरी अख्खी रेस तुम्ही माझ्या पाठीशी बसून काढलीत. लॅपटॉपवर पिंगचे आकडे सरकत होते, आकडा चढला की वहीत वेळ लिहायचात, तास-मिनिट-सेकंद, एकाखाली एक. तुमचा चहा गार झाला, आई दोनदा डोकावून गेली. माझी गाडी उडायची, हेडफोनमध्ये लोक ओरडायचे, आणि मागं एक माणूस शांतपणे लिहितो आहे, हे मला माहीत असायचं. पावसाळाभरात पहिल्यांदा मला वाटलं की मी खोटं बोलत नाही हे कोणाला तरी कळतंय.

मधेच तुम्ही बोट वर केलंत. पलीकडच्या खोलीत बाबांचा फोन टिंग वाजला होता. दोन-तीन सेकंदांत पिंग चढला. परत टिंग, परत चढला. तुम्ही उठलात, बाबांना फोन मागितला आणि वहीतल्या वेळा फोनवरच्या निरोपांशी एकेक करून लावल्यात. सगळ्या जुळल्या.

गुरांच्या कोठ्यावरचे दोन कॅमेरे! विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेल्यावर बाबांनी ते बसवले होते. अंधार पडला की कॅमेऱ्याचा रात्रीचा दिवा लागतो, त्याच्या उजेडात पावसाळ्यातली पाखरं, चिलटं समोरून उडतात, कॅमेऱ्याला वाटतं कोणी आलं, आणि तो व्हिडिओ नेटवर पाठवायला लागतो. तुम्ही बाबांच्या फोनवर एक उघडून दाखवलात: काळ्या अंधारात पांढरीशुभ्र पाकोळी, पंख अख्ख्या पडद्याएवढे. दिवसा पाखरं नाहीत, व्हिडिओ नाहीत, म्हणून दुपारी येणाऱ्याला काहीच सापडत नव्हतं. आमच्या छतावरच्या नेटच्या डबीतून बाहेर जाणाऱ्या निरोपांचा रस्ता अगदी अरुंद. जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागावी आणि नुसती पावती दाखवायला आलेला सायकलवाला मागं अडकून पडावा, तसा माझ्या गाडीचा इवलासा निरोप त्या व्हिडिओंच्या मागं थांबायचा.

पुढचं काय केलंत ते मी लिहीत बसत नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कार्डावर वळवलंत, राउटरमध्ये लहान निरोप मागं अडकू नयेत अशी रांगेची नीट सोय लावलीत, तासाभराचं काम. मला आवडलं ते हे, की बाबांना तुम्ही कॅमेरे काढा म्हणाला नाहीत. “चोरीची भीती खरी आहे, ते राहू द्या,” म्हणालात. बाबांच्या फोनची टिंग अजून वाजते. पैसेही दुकानातल्या पाटीवर लिहिलेले तेवढेच घेतलेत, ना जास्त ना कमी.

नंतर मी वाचत बसलो तेव्हा कळलं की रांग तुंबण्याचं हे दुखणं जगभरचं आहे. जिम गेटीस नावाच्या माणसानं 2010 च्या सुमारास त्याचा पिच्छा पुरवला आणि त्याला बफरब्लोट नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये रांग आवरायची रीत मांडली, पुढं आणखी लोकांनी ती सुधारली, 2018 मध्ये ती इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांतही आली. आणि ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती कोणालाही वापरता येते. ज्यांना आर्वी कुठं आहे हे ठाऊक नाही त्यांनी ती वाटून टाकली, म्हणून त्या रात्री ती तुमच्या लॅपटॉपमध्ये होती. त्यांचेही आभार मी याच पत्रात मानतो. दुसऱ्याची अडचण आपली समजून तिच्यापाशी बसणारी माणसं अजून आहेत, तुमच्यासारखी दुकानाच्या काउंटरमागं आणि त्यांच्यासारखी हजारो कोस लांब, आणि आमच्यासारख्यांचं त्यांच्याच भरवशावर चालतं. नेट देणाऱ्यांचा तो पोऱ्याही वाईट नसेल. त्याला दिवसाला किती घरं करायची असतील कोण जाणे. पण एक रात्र कोणी त्याला थांबू दिलं असतं तर ती टिंग त्यालाही ऐकू आली असती.

लीगच्या ॲडमिनला मी सगळं लिहून पाठवलं, तुमच्या वहीतल्या पानाचा फोटोही. त्यानं माफी मागितली आणि माझी जागा परत दिली. नाशिककडचा एक मुलगा असाच त्रास काढत होता, त्याच्याही घरी कॅमेरे निघाले.

त्या रात्री तुम्ही म्हणाला होतात की मुलीला स्टिअरिंग पाहायचं आहे. येत्या सोमवारी तुमचं दुकान बंद असेल, तर तिला घेऊन जेवायलाच या. पेडल मी तिच्या पायाला पोचतील असे पुढं सरकवून ठेवतो. आई म्हणते, या वेळी चहा गार होऊ द्यायचा नाही.

तुमचा,
थ्रेशरवाला पोरगा